पोर्ट्रेटसाठी स्टुडिओ लायटिंग : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या हौशी आणि होतकरू छायाचित्रकारांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असा प्रयत्न आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कॅमेऱ्यावर फ्लॅश आहेच, मग स्टुडिओ लायटिंग वेगळे शिकण्याची गरज काय?

कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश लेन्सच्या दिशेनेच प्रकाश टाकतो. त्यामुळे नाकाची, भुवयांची आणि हनुवटीची सावली कॅमेऱ्याला दिसेनाशी होते, आणि चेहऱ्याला उठाव देणारी गोष्टच फोटोतून निघून जाते. मागच्या भिंतीवर मात्र डोक्याची काळीभोर कड उमटते. स्टुडिओ लायटिंग शिकणे म्हणजे प्रकाश कॅमेऱ्यापासून सोडवून घेऊन चार गोष्टी स्वतः ठरवणे : सावली कोणत्या बाजूला पडावी, केवढी पडावी, तिची कड किती मऊ असावी आणि ती किती गडद असावी. खाली छत्री, सॉफ्टबॉक्स (लाइटपुढे लावायची, पांढरे कापड ताणलेली पेटी), रिफ्लेक्टर (प्रकाश परतवणारा पांढरा ताव) अशी जी जी उपकरणे येतील, ती या चारांपैकी एखाद्या गोष्टीसाठीच आहेत.

२. दुकानदार म्हणतो, तीन लाइटचा सेटच घ्या, स्वस्त पडतो. घेऊ का?

घेऊ नका. एक लाइट, एक भक्कम स्टँड, एक छत्री आणि पांढरा थर्माकोलचा किंवा फोमबोर्डचा एक मोठा ताव एवढ्यावर पहिले सहा महिने सहज जातात. तीन लाइट एकदम लावले की तीन सावल्या पडतात, आणि कोणती सावली कोणत्या लाइटची, हे शिकणाऱ्याला कळत नाही. मग तो चुकीचा लाइट हलवत बसतो. दुसरा लाइट तेव्हाच घ्यावा, जेव्हा त्याने नेमके काय करायचे आहे हे एका वाक्यात सांगता येईल : केस काळ्या पडद्यापासून वेगळे करायचे आहेत, किंवा पार्श्वभूमी पांढरी करायची आहे.

स्टँडवर मात्र पैसे वाचवू नयेत. पायावर वजन म्हणून वाळूची पिशवी ठेवावी, पण ती वाळू समुद्रावरची नको. ती खारट असते, कायम ओल धरते आणि एका पावसाळ्यात स्टँडचे पाय गंजवते.

३. एलईडी घ्यावा की फ्लॅश?

एलईडीचा प्रकाश सतत चालू असतो, त्यामुळे सावली डोळ्यांनी दिसते. शिकण्यासाठी ही फार मोठी सोय आहे. फ्लॅशचा प्रकाश क्षणभराचा असला तरी त्याच किमतीत तो कितीतरी अधिक मिळतो. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या स्पीडलाइटची शक्ती साधारण ६० ते ८० वॉट-सेकंद धरतात, तर स्टुडिओतला सुरुवातीचा फ्लॅश २०० ते ४०० वॉट-सेकंदांचा असतो. त्या जोरावर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ/८ ठेवून छत्रीतूनही निवांत काम होते. लहानशा एलईडीवर तोच फोटो काढताना आयएसओ ८०० पर्यंत न्यावा लागतो, आणि लाइट चेहऱ्याजवळ आणला की बसलेला माणूस डोळे बारीक करू लागतो.

एलईडी घेतलाच, तर त्याचा रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा, १०० पैकी आकडा), ९५ च्या वर असावा. मी पहिला एलईडी पॅनल घेतला त्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला होता, तरी प्रत्येक चेहरा कावीळ झाल्यासारखा हिरवट-पिवळा येत असे, आणि विकणाऱ्याने तो परत घेतला नाही. तेव्हापासून कोणताही लाइट घेण्याआधी मी दुकानातच स्वतःच्या तळहाताचा फोटो काढून बघतो. माझा कल फ्लॅशकडे आहे. आणि मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमध्येच सतत चालू राहणारा लहान दिवा) असलेला फ्लॅश मिळाला, तर सावली दिसण्याचा प्रश्नही सुटतो.

४. छत्री आणि सॉफ्टबॉक्स यांत फरक काय?

छत्री स्वस्त, उघडायला सोपी आणि प्रकाश चहूकडे सांडणारी असते. सॉफ्टबॉक्स प्रकाश एका दिशेला बांधून ठेवतो. मोठ्या, उंच छताच्या दालनात छत्रीचे सांडणे चालून जाते. दहा बाय बाराच्या खोलीत मात्र सांडलेला प्रकाश भिंतींवरून परत येतो आणि सावली पुसतो (प्रश्न ९ पाहा). त्यामुळे लहान खोलीत काम करणाऱ्याने पहिली छत्री पारदर्शक न घेता आतून पांढरी आणि बाहेरून काळी घ्यावी. पुढची खरेदी ९० सेंटिमीटरच्या आसपासचा, पुढे जाळी लावता येणारा सॉफ्टबॉक्स.

५. सरावासाठी माणूस कुठून आणू? घरातले दहा मिनिटांत कंटाळतात.

असोला नारळ घ्या. सोललेला नको, सोडणासकटचा. त्याच्या सालीला तीन धारा असतात. त्यांतली एक धार कॅमेऱ्याकडे केली की ती नाकासारखी उभी राहते आणि दोन्ही बाजूंचे उतार गालांचे काम करतात. नारळ तांब्यावर ठेवून स्टुलावर मांडा, खोली अंधारी करा आणि लाइट त्याच्याभोवती टप्प्याटप्प्याने फिरवा. समोरून, पंचेचाळीस अंशांवरून, बाजूने आणि मागून असे फोटो काढा. मग हाच क्रम लाइट दीड फूट वर नेऊन पुन्हा करा. धारेची सावली कोणत्या उतारावर किती लांब पडते, हे प्रत्येक वेळी वहीत रेखाटून ठेवा. फोटो काढण्यापेक्षा हे रेखाटणे अधिक शिकवते, कारण हाताने काढताना सावलीची कड कुठे तीक्ष्ण आहे आणि कुठे विरघळते, हे पाहावेच लागते.

दोन संध्याकाळी एवढे केले, की आजीला किंवा धाकट्या भावाला फक्त पाच मिनिटे बसवावे लागते. लाइट कुठे ठेवायचा ते तुम्हाला आधीच ठाऊक असते. नारळाला डोळ्यांतली चमक मात्र नसते. ती पाहण्यासाठी माणूसच लागतो.

६. रेम्ब्रांट, लूप, बटरफ्लाय, स्प्लिट ही नावे गोंधळात टाकतात. ओळखायचे कसे?

ही सगळी नावे नाकाच्या सावलीवरून पडली आहेत असे समजावे. लाइटकडे न बघता नाकाखाली बघावे.

लाइट चेहऱ्याच्या बरोबर समोर आणि उंचावर असेल, तर नाकाखाली फुलपाखराच्या आकाराची लहान सावली पडते : हा बटरफ्लाय. लाइट तीस ते पंचेचाळीस अंश बाजूला नेला, की सावली तिरकी होऊन ओठाच्या कोपऱ्याकडे झुकते, पण गालाच्या सावलीला मिळत नाही : हा लूप, आणि बहुतेक चेहऱ्यांना हाच मानवतो. आणखी बाजूला आणि थोडे वर गेल्यावर नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि दूरच्या डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या व्यक्तिचित्रांत असा उजेड आढळतो, म्हणून त्याचे नाव. तो त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद आणि नाकापेक्षा लांब नसावा, असा संकेत आहे. लाइट पूर्ण बाजूला, नव्वद अंशांवर नेल्यावर अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात जातो, तो स्प्लिट.

यापलीकडे एक निर्णय असतो, ज्याकडे नवशिक्यांचे लक्ष जात नाही. चेहरा थोडा वळलेला असताना कॅमेऱ्याला जास्त दिसणारी बाजू उजळायची की कमी दिसणारी? जास्त दिसणारी उजळली तर चेहरा रुंद दिसतो. कमी दिसणारी उजळली तर निमुळता. लाइट आहे तिथेच ठेवून माणसाला फक्त दुसऱ्या बाजूला वळायला सांगितले, तरी हा बदल होतो.

७. लाइट चेहऱ्यापासून किती अंतरावर ठेवावा?

याला एक आकडा नाही, पण दोन नियम आहेत. पहिला नियम मऊपणाचा : चेहऱ्याच्या दृष्टीने प्रकाशाचे उगमस्थान जितके मोठे दिसेल, तितकी सावलीची कड मऊ. म्हणून दोन फुटांचा सॉफ्टबॉक्स दोन फुटांवर ठेवला, तर तो आठ फुटांवरच्या चार फुटी सॉफ्टबॉक्सपेक्षा मऊ उजेड देतो. फोटो कठोर येतो म्हणून लाइट मागे नेणारे अनेक जण भेटतात. त्याने तो अधिकच कठोर होतो.

दुसरा नियम व्यस्त वर्गाचा : अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे). समजा, माणूस भिंतीपासून तीन फुटांवर बसला आहे. लाइट त्याच्यापासून तीन फुटांवर असेल, तर भिंत लाइटपासून सहा फुटांवर येते आणि चेहऱ्यापेक्षा दोन स्टॉप गडद होते. लाइट सहा फुटांवर नेला, तर भिंत नऊ फुटांवर येते आणि फरक एका स्टॉपहून थोडासाच अधिक उरतो. म्हणजे पडदा न बदलता, केवळ लाइट पुढेमागे करून तीच पांढरी भिंत राखाडी किंवा उजळ करता येते. जवळच्या लाइटचा तोटा असा, की बसलेल्याने अर्धा फूट मान पुढे-मागे केली तरी उजेड जवळजवळ अर्ध्या स्टॉपने बदलतो. चुळबुळ्या मुलांसाठी लाइट म्हणूनच थोडा दूर बरा.

८. सेटिंग कोणत्या क्रमाने लावू? आणि कधीकधी फोटोत खालून किंवा वरून काळा पट्टा का येतो?

सगळे मॅन्युअल ठेवा. आयएसओ १००, शटर १/१६० सेकंद आणि छिद्र एफ/८ लावून फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे; आला नाही, तर खोलीतला उजेड फोटोत घुसतो आहे, हे समजावे. मग फ्लॅश चालू करून त्याची शक्ती कमी-जास्त करत चेहरा योग्य उजळेपर्यंत फोटो काढा. फ्लॅश क्षणार्धात लागून विझतो, त्यामुळे शटरचा वेग त्याला कमी-जास्त करू शकत नाही. शटर फक्त खोलीतला उजेड ठरवते. छिद्र आणि आयएसओ दोघांनाही बदलतात.

काळा पट्टा सिंक स्पीड ओलांडल्यामुळे येतो. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात आणि साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी उघडा असतो. त्याहून वेग वाढवला, तर दुसरा पडदा निघालेला असतानाच फ्लॅश पेटतो आणि त्या पडद्याची सावली पट्टा होऊन उमटते. स्वस्त रेडिओ ट्रिगरमध्ये (कॅमेऱ्यावरून फ्लॅशला बिनतारी इशारा देणाऱ्या साधनात) सूक्ष्म विलंब असेल, तर हा त्रास १/२०० वरही होतो; अशा वेळी १/१२५ वर यावे.

९. माझी खोली लहान आहे आणि भिंती निळ्या आहेत. चेहऱ्याच्या सावलीत रंग का येतो?

कारण भिंतही एक लाइटच आहे. फ्लॅशचा सांडलेला प्रकाश भिंतीवर आपटून तिचा रंग घेऊन परत येतो आणि नेमका सावलीच्या बाजूला पडतो. निळ्या भिंतीने गालाची सावली निळसर होते, उघड्या जांभ्याच्या भिंतीने ती विटकरी होते. व्हाइट बॅलन्स (सगळ्या फोटोची रंगछटा जुळवण्याची सोय) बदलून हे जात नाही, कारण उजळ बाजूचा रंग ठीकच असतो. सावली दुरुस्त करायला गेले, की उजळ बाजू बिघडते.

उपाय साधा आहे : सावलीच्या बाजूला काळे कापड टांगावे, म्हणजे परतणारा प्रकाश थांबतो. मग तिथे किती उजेड हवा, तेवढा पांढरा ताव काळ्या कापडापुढे उभा करून मोजून द्यावा. छताकडे दुर्लक्ष करू नये. आठ फुटी स्लॅबचे छत छत्रीपासून हाताच्या अंतरावर असते. कायमचा स्टुडिओ करायचा असेल, तर भिंतींना चकाकी नसलेला राखाडी रंग द्यावा.

१०. आमचे घर कौलारू आहे. माजघरात काचेच्या कौलातून सुंदर उजेड येतो. तो वापरता येईल का?

अवश्य, आणि लाइट विकत घेण्याआधी याच उजेडावर महिनाभर सराव करावा असे माझे मत आहे. काचेच्या कौलातून उन्हाचा कवडसा थेट येतो तेव्हा तो कठोर असतो. अशा वेळी जुने, धुऊन पातळ झालेले पांढरे धोतर दोन वाशांना बांधून कवडशाच्या वाटेत ताणावे. ते धोतरच मग मोठा, मऊ लाइट होते. प्रकाश डोक्यावरून येत असल्याने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, म्हणून माणसाला कवडशाच्या खाली न बसवता त्याच्या दोन-तीन फूट मागे बसवावे, चेहरा उजेडाकडे किंचित वर करायला सांगावा आणि मांडीवर पांढरा ताव ठेवावा.

खिडकी किंवा पडवीच्या उजेडाची एक खोड लक्षात ठेवावी. बाहेर माडा-पोफळींची वाडी असेल, तर पानांवरून येणारा उजेड हिरवट असतो आणि चेहरा आजारी दिसतो. सारवलेले किंवा तांबड्या मातीचे खळे समोर असेल, तर हनुवटीखाली तांबूस छटा चढते. ही दुसरी छटा सावळ्या चेहऱ्यावर कित्येकदा चांगली दिसते. हिरवी कधीच नाही. फोटो काढण्याआधी राखाडी कार्ड चेहऱ्याजवळ धरून एक फोटो घेतला, तर रंग नंतर बसवता येतो.

११. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, असे पुस्तकात वाचले. आमच्याकडे मेमध्ये येते. पुस्तक चूक की आम्ही?

दोघेही बरोबर आहात. विजेचे दिवे येण्याआधीचे स्टुडिओ उत्तरेकडे काच ठेवून बांधत, आणि युरोपात ५० अंश अक्षांशाच्या आसपास सूर्य दिवसभर बहुतांश दक्षिणेकडेच राहतो. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तरेला आहे. सूर्य उन्हाळ्यात २३.५ अंशांपर्यंत उत्तरेला सरकतो, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास रत्नागिरीत शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो. तो जवळजवळ डोक्यावर असल्याने खोल पाखीच्या घरात दुपारी ऊन आत शिरत नाही. त्रास देते ते सकाळचे आणि संध्याकाळचे तिरके ऊन. जूनपासून ढग हा प्रश्न बहुतेक दिवस आपोआप सोडवतात. राहता राहिला मे, त्यासाठी प्रश्न १० मधले धोतर आहेच.

१२. पासपोर्ट फोटोची पांढरी पार्श्वभूमी राखाडी येते आणि मागे सावली पडते. काय करू?

राखाडी का येते, याचे उत्तर प्रश्न ७ मध्ये आहे : भिंतीवर चेहऱ्यापेक्षा कमी प्रकाश पोहोचतो. जागा असेल, तर माणसाला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे बसवावे आणि भिंतीसाठी दुसरा लाइट लावून ती चेहऱ्यापेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ ठेवावी. त्याहून उजळ केली, तर पांढरा प्रकाश मागून गालांच्या आणि कानांच्या कडा खाऊ लागतो. एकच लाइट असेल, तर मोठी छत्री कॅमेऱ्याच्या बरोबर वर, जरा दूर ठेवावी, म्हणजे सावली खाली खांद्यांमागे जाते, आणि छातीच्या उंचीवर पांढरा ताव आडवा धरावा. या फोटोत कला दाखवू नये.

१३. चष्म्यावर लाइट चमकतो. चष्मा काढायला सांगावा का?

कायम चष्मा लावणारा माणूस चष्म्याविना स्वतःलाच अनोळखी वाटतो, म्हणून शक्यतो नको. काचेवर प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, तेव्हा परतणारा किरण लेन्सकडे येऊ न देणे एवढेच काम असते. लाइट वर आणि बाजूला न्यावा. हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगावी. तरीही चमक राहिली, तर चष्म्याच्या काड्या कानांवर अर्धा सेंटिमीटर उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात. समोरून हे कळून येत नाही. फुगीर काचांच्या जाड चष्म्यावर यांतले काहीच पुरेसे ठरत नाही; तिथे चमक बुबुळावर न येता काचेच्या कोपऱ्यात राहील, एवढ्यावर समाधान मानावे.

१४. नऊवारी, नथ आणि दागिन्यांतल्या फोटोत नथीची सावली ओठावर येते. आणि सावळी त्वचा घामाने चमकते.

नथीचा प्रश्न मला स्वतःला अनेक वर्षे छळत होता. लाइट उंचावर, बटरफ्लायसारखा असला, की नथीची सावली वरच्या ओठावर पडते आणि दुरून ती मिशी किंवा डाग वाटते. लाइट वीतभर खाली, डोळ्यांच्या पातळीच्या थोडाच वर आणला, की सावली वर सरकून नथीच्याच मागे दडते. उगमस्थान मोठे आणि जवळ ठेवले, तर उरलेली कड विरते. नथीच्या प्रत्येक मोत्यात सॉफ्टबॉक्सचा एक लहान पांढरा ठिपका दिसतो. तो सगळ्या मोत्यांत एकाच जागी असेल, तर नथ जिवंत वाटते. दोन लाइट लावले, की दोन ठिपके येतात आणि मोती काचेचे वाटू लागतात.

घामाची चमक म्हणजे उगमस्थानाचे प्रतिबिंब असते. लहान उघडा फ्लॅश कपाळावर लहान, जळजळीत ठिपका देतो. मोठा सॉफ्टबॉक्स तीच चमक पसरवून मंद करतो. आधी टिपकागदाने कपाळ आणि नाक टिपावे, खोलीत पंखा असावा. मात्र सावळ्या त्वचेवरची सगळी चमक पुसून टाकू नये, कारण तिथे चेहऱ्याचा आकार सावलीपेक्षा या मंद चमकेतूनच अधिक कळतो.

येथे एक तक्रार नोंदवतो. ‘जरा उजळ करून द्या’ ही मागणी स्टुडिओत रोज येते, आणि आपणही एक्स्पोजर वाढवून ती पुरवतो. त्यात गोरेपण येत नाही. फक्त गालांचा आणि कपाळाचा तपशील जातो. त्वचा आहे तशी ठेवून केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला मागून बारीक उजेड दिला, तर गिऱ्हाइकाला जो उठाव हवा असतो तो मिळतो. छापील फोटो हातात पडल्यावर बहुतेकांची मागणी मागे पडते, असा माझा अनुभव आहे.

१५. दशावतारी कलाकाराचा रंगवलेल्या चेहऱ्यासह पोर्ट्रेट काढायचा आहे. काही वेगळे करावे लागते का?

होय. जत्रेत रंग लावून झाल्यावर नाटक उभे राहीपर्यंत मिळतात ती दहा-पंधरा मिनिटे. तेव्हा बॅटरीवरचा एकच लाइट आणि घडीचा सॉफ्टबॉक्स आधीच मांडून तयार ठेवावा. राजपार्टी कलाकाराच्या मुकुटावर चकाकणारे तुकडे प्रत्येक दिशेचा प्रकाश परत फेकतात, त्यामुळे समोरून उजेड दिल्यास मुकुट जळून जातो आणि चेहरा मागे पडतो. लाइट बाजूने, रेम्ब्रांटच्या जागी ठेवावा आणि सॉफ्टबॉक्सवर जाळी लावून तो मुकुटावर कमी आणि चेहऱ्यावर जास्त पडेल असा खाली झुकवावा. चेहऱ्यावरचा रंग सपाट असल्याने पांढरे भाग लवकर जळतात. साध्या चेहऱ्यापेक्षा अर्धा ते पाऊण स्टॉप कमी एक्स्पोजर धरावे. पडद्यामागे पिवळे दिवे लटकत असतील, तर प्रश्न १७ पाहा. कलाकार देवाला नमस्कार करून उभा राहिला, की फोटो थांबवावेत.

१६. गणपतीत मुंबईहून सगळे येतात. पंचवीस माणसांवर एका लाइटने सारखा उजेड कसा पाडू?

लाइट दूर नेऊन. तो एका टोकाच्या माणसापासून चार फुटांवर आणि दुसऱ्या टोकापासून दहा फुटांवर असेल, तर दोघांवरच्या उजेडात सहा पटींहून अधिक फरक पडतो. तोच लाइट मागे आणि वर नेऊन अंतरे बारा आणि अठरा फूट केली, तर फरक सव्वा स्टॉपच्या आत येतो. म्हणून कॅमेऱ्याच्या जवळ, शक्य तितक्या उंचीवर, मोठ्या छत्रीत, आणि सव्वीसावा माणूस म्हणजे लाइटचा स्टँड धरणारा भाचा. मागची रांग बाकावर उभी करावी, म्हणजे पुढच्यांची सावली मागच्यांच्या तोंडावर पडत नाही. छिद्र एफ/८, आणि निदान सहा फोटो, कारण पंचवीस जणांत कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

१७. आरतीच्या वेळी निरांजनाचा पिवळा उजेड राखून चेहराही स्पष्ट हवा आहे. फ्लॅश मारला की सगळे पांढरे होते.

ज्योतीच्या उजेडाचे रंगतापमान सुमारे १९०० केल्विन आणि फ्लॅशचे साधारण ५५०० केल्विन असते (आकडा कमी तितका उजेड नारिंगी, जास्त तितका निळसर), म्हणून दोन्ही एकत्र आले की एक निळसर किंवा दुसरा नारिंगी दिसणारच. फ्लॅशवर पूर्ण नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावल्यास तो ३००० केल्विनच्या आसपास येतो आणि ज्योतीच्या बराच जवळ जातो. मग शटर मंद करावे, १/१५ किंवा १/३० सेकंद, म्हणजे ज्योतीचा उजेड फोटोत येतो, आणि फ्लॅश अगदी कमी शक्तीवर निरांजनाच्याच बाजूने द्यावा. कॅमेरा ट्रायपॉडवर असावा. फ्लॅश वरून दिला, तर ज्योत खाली आणि उजेड वर असा विसंवाद डोळ्याला लगेच खटकतो.

१८. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते आणि फ्लॅशचे संपर्कबिंदू हिरवे पडतात. काय काळजी घेऊ?

मी ८५ मिलिमीटरची लेन्स एका जुलैत तिच्याच चामडी पिशवीत, कपाटात ठेवली होती. गणपतीला बाहेर काढली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले होते. साफ करून आणली, तरी उजेडासमोर धरल्यास त्यांचा माग अजून दिसतो. चामडे ओल धरते आणि बुरशीला खायलाही मिळते, म्हणून चामडी पिशवी पहिली टाकून द्यावी.

बुरशीला साधारण ६० टक्क्यांच्या वरची आर्द्रता मानवते, आणि कोकणात पावसाळ्यात ती अनेक दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. कोरडे कपाट परवडत असेल, तर ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावे. नसेल, तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक पुरतो. जेलचा रंग बदलला, की ते जुन्या तव्यावर मंद आचेवर कोरडे करावे. तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नये. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवण्याचा सल्ला ऐकू नये, त्यात पीठच शिरते. सॉफ्टबॉक्सचे कापड घडी घालण्याआधी पंख्याखाली वाळवावे. हिरव्या पडलेल्या संपर्कबिंदूंवर खारट हवेचा परिणाम असतो; आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने ते पुसावेत.

स्टुडिओ फ्लॅशला एक वेगळी काळजी लागते. तो अनेक महिने बंद राहिला, तर आतले कपॅसिटर कमकुवत होतात, म्हणून पावसाळ्यातही महिन्यातून एकदा तो काही वेळ चालू ठेवून कमी शक्तीपासून चढत्या क्रमाने थोडे फ्लॅश मारावेत.

१९. लाइट गेल्यावर स्टुडिओ फ्लॅश घरच्या इन्व्हर्टरवर चालेल का?

साध्या चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर चालवू नये. प्रत्येक फ्लॅशनंतर कपॅसिटर भरताना हे यंत्र क्षणभर मोठा प्रवाह ओढते. त्याने इन्व्हर्टर तरी बंद पडतो, नाहीतर फ्लॅशचे सर्किट बिघडते. शुद्ध साइन तरंगाचा, पुरेशा क्षमतेचा इन्व्हर्टर असेल आणि फ्लॅशच्या माहितीपुस्तिकेत परवानगी असेल, तरच जोडावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने नवीन खरेदी करताना बॅटरीवर चालणारा फ्लॅश घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. विजा कडाडत असताना प्लग भिंतीतून काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.

२०. वडिलांचा जुना फ्लॅश सापडला आहे. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावू का?

मोजल्याशिवाय थेट लावू नका. काही जुन्या फ्लॅशांच्या तळाच्या मधल्या बिंदूवर २०० व्होल्टच्याही वर दाब असतो, आणि अनेक डिजिटल कॅमेऱ्यांची मर्यादा त्याहून खूप कमी असते. एकाच फोटोत कॅमेऱ्याचे सर्किट जळू शकते. फ्लॅश पूर्ण चार्ज करून तळाचा मधला बिंदू आणि कडेची धातूची पट्टी यांच्यामधला दाब मल्टिमीटरने मोजावा आणि कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहावा. दाब जास्त निघाला, तरी फ्लॅश फुकट जात नाही : त्याला प्रकाशाने चालणारा ऑप्टिकल स्लेव्ह लावून, कॅमेऱ्याला कुठेही न जोडता, केसांच्या मागचा लाइट म्हणून वापरता येतो. स्लेव्हची सहनक्षमताही आधी पाहावी. फ्लॅश लागत नसेल, तर तो उघडून बघण्याचा मोह मात्र टाळावा, कारण बंद केल्यानंतरही आतला कपॅसिटर बराच वेळ भरलेला राहतो आणि त्याचा धक्का जिवावर बेतू शकतो.